घरचा आहेर

आहेर काय द्यावा हे बायकांना आपोआप सुचतं, अशी पुरुषवर्गाची एक समजूत आहे. गेल्या माघात माझ्यावर जो प्रसंग आला तो त्यांच्यापैकी एखाद्यावर यायला हवा होता.

माझी मैत्रीण (नाव छापलेलं तिला खपायचं नाही) दादरचं बिऱ्हाड आवरून नाशिक जिल्ह्यातल्या वणीला कायमची राहायला गेली. एकाच मजल्यावर, जिन्याच्या अलीकडे मी आणि पलीकडे ती, अशी आमची एकतीस वर्षं गेलेली. तिच्या यजमानांची तिकडे वडिलार्जित दोन एकर जमीन. आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही. १९४८ च्या कूळकायद्याचीच ती अट आहे. पण भाऊजींचं नाव सातबाऱ्यावर होतं, तेच नडलं! निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी तीन खोल्यांचं कौलारू घर बांधायला काढलं. मला वाटलं, ही अडवील. अडवणं दूरच, खिडक्या केवढ्या ठेवायच्या ते गवंड्याला सांगायला ही आपणच धावली.

आणि एके दिवशी जिन्यात मी बोलून गेले, "सहा महिन्यांत परत याल. तेव्हा इथला ब्लॉक मात्र विकलेला असेल."

ती काही बोलली नाही. दार लावून घेतलं. त्यानंतर दोन महिने पलीकडून वाटी आली नाही की अलीकडून गेली नाही. सामान हललं तेव्हा मी मुद्दाम भाचीकडे जाऊन बसले. मग वास्तुशांतीची पत्रिका आली. छापील, तीही टपालाने! खाली ओळ होती, 'कृपया आहेर आणू नये.' ही ओळ सगळ्यांच्याच पत्रिकेवर असते हे मला कळत होतं. तरी ती मला उद्देशून आहे असं वाटत राहिलं.

आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणे भिंतीवरचं घड्याळ सुचवलं. सूनबाईंनी मोबाइलवर शोधून पितळेची बैलगाडी दाखवली. "खेड्यातलं घर आहे ना आई, शोभेल." ज्यांच्या दारावरून दिवसभर द्राक्षांचे ट्रॅक्टर जातात त्यांनी पितळेच्या बैलगाडीचं काय करायचं? वणी म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी तर देवीसाठी खण-नारळ आणून दिला. सप्तशृंगीला सगळे 'वणीची देवी'च म्हणतात. पण ती अठरा भुजांची माउली बसली आहे गडावर, नांदुरीच्या वर, आणि तो गड आहे कळवण तालुक्यात. वणी दिंडोरी तालुक्यात, खाली. गावातून डोंगर दिसतो, एवढंच.

शेवटी मला शहाणं केलं ते आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींनी. त्यांचं माहेर दिंडोरीकडचं. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "ताई, घड्याळ कशाला? चांगली बॅटरी द्या. तिकडं मोटरीची लाइट रातची असती."

मला हे ठाऊकच नव्हतं. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने मिळते. एका पाळीत दिवसा, तर दुसऱ्या पाळीत रात्री. रात्रीची पाळी असली की अपरात्री उठून, बांधाबांधाने जाऊन पाणी धरावं लागतं. वाटेत साप. उसाच्या नाहीतर मक्याच्या आडोशाला कधी बिबट्यासुद्धा. आणि पासष्टीचे भाऊजी, चष्मा पुसत निघालेले! मी दोन विजेऱ्या घेतल्या, लांब झोताच्या. मग गुडघ्यापर्यंतचे गमबूट घेतले, दोघांच्या मापाचे. (दुकानदाराने विचारलं, "ट्रेकिंगला का?" मी म्हटलं, "वास्तुशांतीला.") उंदरांना उघडता येणार नाहीत असे घट्ट झाकणाचे पत्र्याचे डबे घेतले.

सापांचा विषय मावशींनी काढला आणि माझी झोप गेली. नाग, घोणस, फुरसं ही नावं ऐकून होते. मण्यार ऐकून होते, पण तिची रीत ठाऊक नव्हती. ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि पुष्कळदा चावल्याचं कळतही नाही इतकं कमी दुखतं. या चारांच्या विषावर एकच लस चालते. ती आपल्या परळच्या हाफकिनमध्ये वर्षानुवर्षं तयार होत आली, आणि मी त्या फाटकावरून हजार वेळा बसने गेले असेन! चावल्यावर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही. हातपाय न हलवता रुग्णाला थेट सरकारी दवाखान्यात न्यायचं. हे मी मोठ्या अक्षरांत लिहून एका डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलं. मंगलकार्यात साप नको, म्हणून आतून.

"आन् भुईवर नाय झोपायचं," मावशींनी बजावलं. "खाटंवर, अन् मच्छरदानी गादीखाली गच्च खोचून."

गादीखाली! तिथे मला माझा आहेर सापडला. माळ्यावर माझ्या आईची जुनी गादी होती, दगडासारखी झालेली. हल्ली पिंजारी मिळणं म्हणजे देव भेटण्यासारखं. माहीमला एक म्हातारेबुवा मिळाले. कापूस पिंजून, नवा अभ्रा शिवून त्यांनी एकट्यापुरती गादी भरून दिली. आमचे हे म्हणाले, "त्यांच्याकडे गाद्या नसतील असं तुला वाटतं?" मी उत्तर दिलं नाही.

वणीला पोचलो तेव्हा होम आटोपला होता. सभोवती द्राक्षबागा, ऑक्टोबरात छाटलेल्या वेलींवर आता घड लोंबत होते, त्यांवर उन्हाचे चट्टे नकोत म्हणून कुठे कुठे कागद लावलेले. घर साधं, खिडक्या खरोखरच मोठ्या. कोनाड्यात सात गणपती, भिंतीशी चार घड्याळं. पाचवं घड्याळ यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला गेलं होतं, ते मागाहून आलं म्हणे.

माझं गाठोडं तिने माजघरात सोडलं. विजेऱ्या पाहून भाऊजी लहान मुलासारखे खूश झाले आणि भर दुपारी झोत पाडून बघू लागले. बूट तिने पायात घालून पाहिले. झाकणाच्या आतलं वाचलं, आणि माझ्याकडे न पाहता डबा मिटवला. मग गादीकडे हात केला.

"ही कुणाला?"

"मला," मी म्हटलं. "खाट तुझी. मी जमिनीवर झोपायची नाही."

बराच वेळ ती अभ्र्याची शिवण चाचपत बसली. मग म्हणाली, "सहा महिने मोजते आहे हं मी."

"मोज. माझं तोंडच तसलं."

"ते एकतीस वर्षं ऐकलंय," ती म्हणाली आणि उठून खाट ओढायला लागली.

त्या रात्री वीज एक वाजता आली. विजेरी आणि नवे बूट घेऊन भाऊजी निघाले. आम्ही दोघी मच्छरदाणीच्या आत आणि बाहेर बसून, ते परत येईपर्यंत, दादरच्या नव्या शेजाऱ्यांना नावं ठेवली.

सहा महिने श्रावणात भरले. तिने तो दिवस काढला नाही, मीही नाही. काल मात्र तिचा फोन आला. द्राक्षांची छाटणी झाली आहे, पाऊस उघडला आहे, आणि गादीला दोन दिवस ऊन दाखवून ठेवलं आहे.