पिवळ्याची परीक्षा

चाल्कोन हे पिवळं संयुग करायची कृती वहीच्या अर्ध्या पानात मावते. ऑर्थो-हायड्रॉक्सी असिटोफिनोन आणि बेंझाल्डिहाइड इथेनॉलमध्ये घ्यायचं, पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून ढवळायचं आणि रात्रभर ठेवून द्यायचं. सकाळी फ्लास्कमध्ये लालभडक दाट द्रव तयार असतो. तो बर्फाच्या चुऱ्यावर ओतून वरून पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबथेंब सोडलं, की लाली विरते आणि पिवळाधमक साका खाली बसू लागतो. नांदेड-लातूरकडच्या एमएस्सीच्या कितीतरी तुकड्यांनी हा साका गाळून वाळवला आहे. 1994मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं, त्याच्या आधीपासून हे चालू होतं आणि आजही आहे. चाल्कोन, त्यापासून पायराझोलिन, फ्लेव्होन, पुढे थायाझोल. ही संयुगं इथे रुजली याचं कारण साधं आहे. लागणारी रसायनं परवडतात, आणि हॉट प्लेट, काचेची भांडी व बर्फ एवढ्यावर काम निघतं.

पदार्थ करणं मात्र या विद्येतला सोपा भाग आहे. समोर पडलेली पिवळी पूड नेमकी काय आहे, हे सांगणं अवघड. माझी सगळी आस्था त्या दुसऱ्या भागात आहे.

आधी इथल्या हवेबद्दल सांगायला हवं. शोधनिबंधात ‘खोलीच्या तापमानाला ढवळलं’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात 25 अंश असतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा 42च्या पुढे जातो. डायएथिल ईथर 34.6 अंशाला उकळतं, म्हणजे भर उन्हाळ्यात बाटलीचं झाकण उघडणं हेच धोक्याचं. डायक्लोरोमिथेनचीही गत फारशी वेगळी नाही. बेंझाल्डिहाइडच्या बाटलीच्या तोंडाशी पांढरे खडे धरतात, ते हवेनं झालेलं बेंझॉइक आम्ल. ते काढून, ऊर्ध्वपातन करून मगच ते वापरायचं. आणि पाणी! रिफ्लक्सच्या कंडेन्सरमधून नळाचं पाणी तासन् तास सोडून देणं पुस्तकात शोभतं. एप्रिल 2016मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचं पाणी आलं. ज्या गावानं ‘जलदूत’ गाडीची वाट पाहिली, तिथल्या प्रयोगशाळेत नळ उघडा ठेवायला हात धजत नाही. कूलरमधला छोटा पंप बादलीत सोडायचा, बादलीत बर्फाचे तुकडे टाकायचे, तेच पाणी फिरवत राहायचं. ‘हरित रसायनशास्त्र’ हा विषय अभ्यासक्रमात यायच्या आधी आमच्या गरजेनं आम्हाला शिकवला होता.

आता त्या पिवळ्या साक्याकडे येतो. एक विद्यार्थी मास स्पेक्ट्रमचा कागद घेऊन आला.

“सर, मास जुळलं! 224.”

“छान. पण फ्लॅव्हॅनोनचं किती?”

तो थांबला. फ्लॅव्हॅनोनचंही 224च. या चाल्कोनच्या रेणूत हायड्रॉक्सिल गट अशा जागी असतो, की तो शेजारच्या दुहेरी बंधाला जाऊन भिडतो आणि वलय बंद करतो. एकही अणू वाढत नाही की घटत नाही. रेणुसूत्र तेच, वजन तेच, पदार्थ मात्र दुसरा. अल्कली आणि ऊब मिळाली की ही ये-जा चालू होते, आणि ऊब तर आमच्याकडे फुकट आहे.

मग पातळ थर वर्णलेखनाची (टीएलसी) पट्टी काढली. नुसत्या डोळ्यांना एकच पिवळा ठिपका दिसला. तीच पट्टी 254 नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरली आणि दुसऱ्या उंचीवर आणखी एक गडद ठिपका उमटला. फ्लॅव्हॅनोन रंगहीन असल्यामुळे उजेडात तो लपलेला होता. द्रवणांकानंही तेच सांगितलं. शुद्ध 2'-हायड्रॉक्सीचाल्कोन 88-89 अंशांच्या आसपास झटकन वितळतं. याची पूड केशनळीत 70च्या पुढे ओलसर दिसू लागली आणि रेंगाळत वितळली. इथेनॉलमधून पुन्हा स्फटिक केले, उरलेला मातृद्रव टाकून दिला, तेव्हा लांब पिवळ्या सुया मिळाल्या आणि दिव्याखाली ठिपका एकटा राहिला. खरा निवाडा एनएमआरचा. त्यासाठी नमुना हैदराबादला किंवा चंडीगडला पाठवायचा आणि वाट पाहायची. आलेखावर 12.8 पीपीएमच्या सुमारास बंदिस्त हायड्रॉक्सिलची टोकदार रेघ आणि दुहेरी बंधाच्या जोडीत 15-16 हर्ट्झचं अंतर दिसलं, तर चाल्कोन. 5.5 आणि 3च्या आसपास गर्दी दिसली, तर वलय बंद झालेलं आहे.

हेच रसायन किनवट-माहूरच्या रानात दर फाल्गुनात उघड्यावर घडतं. पळसाच्या फुलाला केशरी रंग देणाऱ्यांत चाल्कोनं मोठी. त्यांच्यातलं ब्यूटीन आपल्या नावात पळसाच्या प्रजातीचं लॅटिन नावच वागवतं. फुलातलं आयसोब्युट्रिन वाळताना हळूहळू वलय मिटून ब्युट्रिन होतं आणि रंग उतरतो. रंगपंचमीला वाळलेल्या फुलांच्या पाण्यात चुना घालून रंग खुलवायची जुनी रीत याच ये-जेवर चालते. हे समजल्यापासून मला पळस अधिकच सुंदर वाटतो.

अल्कलॉइडांच्या बाबतीत तर ओळख हीच जबाबदारी. रब्बीच्या दिवसांत लातूरकडे बांधाबांधावर पिवळा धोतरा उभा असतो. देठ मोडला की पिवळा चीक येतो. मुळांचा अर्क पट्टीवर लावून लांब लहरींच्या दिव्याखाली धरला, की बर्बेरिनची पिवळी झळाळी डोळ्यांत भरते. ड्रॅगेनडॉर्फ अभिकर्मक फवारला की नारिंगी ठिपका येतो आणि मुलं लगेच लिहितात, ‘अल्कलॉइड आहे’. नायट्रोजन नसलेली काही कीटोनंही हाच नारिंगी रंग देऊ शकतात, आणि चाल्कोन हे त्याच घडणीचं कीटोन आहे. म्हणून एका रंगावर कधीही निकाल देऊ नये. पिवळ्या धोतऱ्याचं बी मोहरीसारखं दिसतं. 1998मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात याचं तेल मिसळलं गेलं आणि 60हून अधिक माणसं दगावली. त्यातलं सँग्विनेरिन जिवाणूही मारतं. ते जैवसक्रिय आहेच, पण औषध नाही.

आमच्या भागातल्या शोधनिबंधांवर माझा आक्षेप इथे आहे. आगरच्या थाळीत संयुग टाकायचं, भोवती काही मिलिमीटरचं मोकळं वर्तुळ दिसलं की ‘उत्तम जिवाणूरोधक’ म्हणून मोकळं व्हायचं. वर्तुळ संयुगानं केलं, सोबतच्या अशुद्धीनं केलं, की विरघळवायला वापरलेल्या डीएमएसओनं? नुसता डीएमएसओ टाकलेला खड्डा त्याच थाळीत नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. शिवाय चाल्कोन प्रथिनांतल्या गंधकाला सहज चिकटतं, त्यामुळे ते पुष्कळ चाचण्यांत ‘पास’ होतं. वसमत-नांदेडच्या बाजारात पोत्यांनी येणाऱ्या हळदीतल्या कर्क्युमिनची हीच कथा. हजारो निबंधांनंतर 2017मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका मोठ्या आढाव्यानं सांगितलं, की ते चाचण्यांना फसवतं आणि शरीरात टिकत नाही. याचा अर्थ हे काम वाया आहे असा नाही. अडुळशातल्या व्हॅसिसीनच्या रचनेवरून ब्रोमहेक्झिन आलं आणि ते खोकल्याच्या बाटल्यांमधून घरोघर पोचलं. सोफाल्कोन हे चाल्कोनच, जपानमध्ये ते जठराच्या व्रणावर देतात. अशी औषधं रेणूची रचना पक्की झाल्यावरच पुढे गेली.

म्हणून इथल्या संशोधक मुलामुलींना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना माझी विनंती आहे. प्रबंधात प्रत्येक संयुगाचा स्वतः घेतलेला द्रवणांक लिहा, अतिनील दिव्याखालच्या पट्टीचा फोटो लावा, एनएमआरची मूळ फाइल जोडा. आणि हे तिन्ही जुळेपर्यंत जिवाणूंच्या थाळीला हात लावू नका.