माजी सैनिकांसाठी औषधी गांजा : कॅनडातील अनुभव

कॅनडात सैन्यसेवेमुळे जडलेल्या दुखण्यांवर माजी सैनिकांना डॉक्टरांच्या लेखी संमतीने गांजा औषध म्हणून घेता येतो. त्याचा खर्च ‘व्हेटरन्स अफेअर्स कॅनडा’ हे सरकारी खाते ठरावीक मर्यादेपर्यंत उचलते. प्रस्तुत लेखक त्याच सैन्यातून निवृत्त झालेला असून स्वतः हा उपचार घेतो.

आधी दुखण्यांविषयी. कॅनडाची अफगाणिस्तानातील मोहीम २००१ ते २०१४ या काळात चालली आणि ४०,००० हून अधिक सैनिकांनी तिथे काम केले. २००६ पासून मुख्य भार कंदाहार प्रांतावर आला. रस्त्याकडेला पुरलेली स्फोटके हा तिथला सर्वांत मोठा धोका होता. चिलखती गाडीतले हादरे, अंगावरचे जड संरक्षक जाकीट आणि पाठीवरचा बोजा यांमुळे मणके आणि गुडघे झिजतात. स्फोटांमुळे कानात कायमचा नाद राहतो. अनेकांना आघातोत्तर ताणविकार, म्हणजे पीटीएसडी, जडतो. ही दुखणी एकमेकांना धरून असतात. कंबर ठणकते म्हणून झोप लागत नाही, लागली तर वाईट स्वप्नाने मोडते आणि झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी ठणकाही वाढतो, चिडचिडही. प्रस्तुत लेखक कंदाहारमध्ये चिलखती गाड्यांच्या दुरुस्तीवर होता. परतल्यावर रस्त्यात पुठ्ठ्याचा खोका पडलेला दिसला तरी त्याचे हात आपोआप स्टिअरिंग वळवत. रात्री डिझेल आणि जळक्या रबराच्या वासाने त्याला जाग येई. घरात तसला वास कुठेच नसे.

गांजाचा औषधी वापर कॅनडात १९९९ मध्ये विशेष परवानगीने सुरू झाला. २००० मध्ये ऑन्टॅरिओच्या अपील न्यायालयाने पार्कर खटल्यात, औषधी गरजेकडे न पाहणारी सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली आणि २००१ मध्ये रुग्णांसाठी नियम आले. पुढे परवानाधारक उत्पादकांकडून थेट रुग्णाच्या घरी माल पाठवण्याची पद्धत रुळली. १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा सर्व प्रौढांसाठी कायदेशीर झाला, तरी वैद्यकीय वापराची वाट वेगळी ठेवण्यात आली.

२०१३-१४ मध्ये या उपचाराचा खर्च मिळणारे माजी सैनिक शंभराच्या आसपास होते. २०१५-१६ मध्ये ही संख्या १,७०० च्या पुढे गेली आणि खर्च २ कोटी डॉलरच्या घरात पोचला. त्या वेळी दिवसाला १० ग्रॅमपर्यंत खर्च मंजूर होई. या मर्यादेला पुरेसा वैद्यकीय आधार नसल्याचे महालेखापालांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर खात्याने दिवसाला ३ ग्रॅम आणि ग्रॅममागे ८.५० डॉलर अशी मर्यादा जाहीर केली. जास्त मात्रा हवी असेल तर तज्ज्ञ डॉक्टरांचे पत्र लागते. २०२५ च्या अर्थसंकल्पात हा दर ६ डॉलरवर आणण्याचा प्रस्ताव मांडला गेला. १० ग्रॅमच्या सवयीवर असलेल्यांना मात्रेतली कपात जाचक वाटली. तरीही मात्रेला मर्यादा असणे योग्यच होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कपात मात्र प्रत्येकाची प्रकृती पाहून, टप्प्याटप्प्याने व्हायला हवी.

गांजातील दोन घटक उपचारात महत्त्वाचे आहेत. टीएचसी मेंदूतील सीबी-१ ग्राहींवर काम करते. वेदनेची जाणीव त्यामुळे बोथट होते आणि झोप येते, पण नशाही त्यानेच चढते. सीबीडीने नशा येत नाही. वाफ ओढल्यास परिणाम काही मिनिटांत दिसतो आणि दोन-चार तासांत ओसरतो. तेल जिभेखाली ठेवले किंवा गिळले तर परिणामाला अर्ध्या तासापासून दोन तास लागू शकतात, पण तो बराच वेळ टिकतो. रात्रीच्या झोपेसाठी तेल सोयीचे पडते ते म्हणूनच.

उपचार सुरू होतो तो डॉक्टरांच्या कागदाने. त्यावर दिवसाची मात्रा ग्रॅममध्ये आणि मुदत लिहिलेली असते. मुदत एका वर्षापलीकडे जात नाही. हा कागद परवानाधारक विक्रेत्याकडे नोंदवला की माल कुरिअरने घरी येतो. तेलाच्या बाटलीला मुलांना उघडता न येणारे झाकण असते. तिच्यावर लाल अष्टकोनात गांजाचे पान आणि ‘टीएचसी’ ही अक्षरे असतात, शेजारी दोन्ही घटकांचे प्रमाण छापलेले असते. सोबतच्या सुईविरहित सिरिंजने तेल मोजून घ्यायचे. सुरुवात अगदी थोड्या मात्रेने करायची आणि काही दिवस थांबूनच ती वाढवायची. प्रस्तुत लेखकाने घेतलेली मात्रा, वेळ, झोप आणि सकाळचा ठणका यांची वहीत नोंद ठेवली. योग्य मात्रा ठरली ती या वहीवरून. ठणका पूर्ण थांबला नाही, पण रात्री सलग झोप मिळू लागली आणि त्यामुळे समुपदेशनाच्या वेळी बसून बोलणे जमू लागले.

शास्त्रीय पुरावा सर्व दुखण्यांबाबत सारखा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या २०१७ च्या अहवालाने प्रौढांमधील जुनाट वेदनेवर गांजाचा उपयोग होत असल्याचा भक्कम पुरावा मान्य केला. पीटीएसडीबाबतचा पुरावा मर्यादित ठरवला. कॅनडातील कुटुंबवैद्यांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना याहून सावध आहेत. मज्जातंतूंची वेदना, अंतिम अवस्थेतील रुग्णांची वेदना, केमोथेरपीतील उलट्या आणि मज्जारज्जूच्या विकारांतील स्नायूंचा ताठरपणा एवढ्यापुरताच त्या गांजाचा विचार करायला सांगतात. अमेरिकेत पीटीएसडी असलेल्या माजी सैनिकांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. गांजा ओढणाऱ्यांची लक्षणे कमी झाली, पण निष्क्रिय नमुना मिळालेल्यांचीही झाली. दोन्ही गटांत ठोस फरक आढळला नाही. अनेक माजी सैनिकांना आराम पडतो आणि पुरावा अजून तोकडा आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

धोके स्पष्ट आहेत. टीएचसी जास्त झाले की चिंता आणि संशय वाढतात. मनोविकृतीचा कौटुंबिक इतिहास असलेल्यांनी आणि हृदयविकाराच्या रुग्णांनी विशेष जपायला हवे. सीबीडीमुळे वॉरफॅरिनसारख्या औषधांचा परिणाम वाढू शकतो. सवय लागू शकते आणि औषध एकदम बंद केल्यास झोप उडते, स्वप्ने तीव्र होतात. रक्तातील टीएचसीच्या मर्यादेतून वाहन चालवताना वैद्यकीय कागद असला तरी सूट मिळत नाही.

कागद असला तरी कॅनडाच्या सीमेबाहेर गांजा नेणे गुन्हा आहे आणि भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली तो बाळगणेही गुन्हा आहे. पुण्याला आईवडिलांकडे जायचे तर प्रस्तुत लेखकाला डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवावी लागते. मराठी घरात गांजा म्हटले की व्यसन डोळ्यांसमोर येते. त्यामुळे कागद, मात्रा आणि कारण घरच्यांना आधीच समजावून सांगणे हिताचे ठरते.

दुखऱ्या शरीराला थोडी उसंत मिळाली की बाकीचे उपचार लागू पडतात, एवढे काम गांजा करू शकतो आणि ते मोलाचे आहे. समुपदेशन, फिजिओथेरपी आणि व्यायाम यांची जागा तो घेऊ शकत नाही. हा उपचार घेणाऱ्या माजी सैनिकाने डॉक्टरांपासून काहीही लपवू नये, मात्रा मोजूनच घ्यावी आणि नोंद ठेवावी. सरकारने खर्चाच्या मर्यादेबरोबर संशोधनालाही पैसा द्यावा, कारण कोणत्या सैनिकाला किती मात्रा द्यायची हे पुराव्यानेच ठरायला हवे.