दहाची साखर, वर्षाचं धान

नागपूरहून गडचिरोलीकडे निघालात की ब्रह्मपुरीनंतर वैनगंगेचा लांबलचक पूल लागतो. पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा मागे राहतो आणि थोड्याच वेळात आरमोरी येते. हा धानाचा मुलूख. आणि कोशाचाही, बरं का! ऐनाच्या झाडावर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशापासून विणलेलं टसर कापड ही इथली जुनी ओळख. पण मुलांनो, आज आपण आठवडी बाजारात जाऊ, तेही हिशोबाची वही घेऊन.

किराणा दुकानासमोर दहा मिनिटं नुसतं उभं राहा. "दहाची साखर द्या जी." "पाचची चायपत्ती." मजुरी आज हाती आली, म्हणून सामान आजच्यापुरतं. शेती असलेल्या घरी बांबूची, शेणमातीनं लिंपलेली ढोली वर्षाच्या धानानं भरलेली असते. पण तेल, साखर, चहा तिथंही पुष्कळदा थोडं थोडंच येतं.

समजा, 10 ग्रॅम चहाची पुडी 5 रुपयांना आहे आणि पाव किलोचा पुडा 100 रुपयांना. 25 पुड्यांचे होतात 125 रुपये! म्हणजे ज्याच्या खिशात कमी पैसे, त्यालाच चहा महाग. आमच्या चौथीच्या मुलांना हे अजिबात पटत नाही. मलाही नाही. (शॅम्पूचं मात्र पुष्कळदा उलटं असतं. बाटलीपेक्षा एक रुपयाची पुडीच स्वस्त पडते. तेव्हा मोठं ते स्वस्त असं डोळे मिटून धरू नका.)

अमेरिकेत ठोक खरेदीसाठी वेगळीच दुकानं आहेत. 1976 साली सोल प्राइस यांनी सॅन दिएगो शहरात, विमानांच्या जुन्या हँगरमध्ये 'प्राइस क्लब' काढला. आत जायचं तर आधी वर्षाची वर्गणी भरा! पुढं 1983 मध्ये 'कॉस्टको' आणि 'सॅम्स क्लब' निघाले. 1993 मध्ये प्राइस क्लब कॉस्टकोत मिसळला. कॉस्टकोत माल जेमतेम 4000 प्रकारचा, पण एकेक गठ्ठा भला मोठा. मालावर नफा थोडा आणि कमाईचा मोठा भाग वर्गणीतून. आपल्याकडे 2003 मध्ये बंगळूरूला 'मेट्रो'चं दुकान आलं. तिथं कार्ड मिळायचं ते व्यापाऱ्यांना. तुमच्या-आमच्या घराला नाही.

आता असं दुकान आरमोरीत आलं असं धरा. वर्गणी आगाऊ हवी, महिन्याचे पैसे एकदम हवेत, गठ्ठे न्यायला गाडी हवी, ठेवायला कोरडी जागा हवी. दहाची साखर मागणारी बाई दारातच अडणार.

हीच अडचण इंग्लंडमध्ये रॉचडेल गावच्या कामगारांची होती. त्यांतले कितीतरी विणकर होते, आपल्या आरमोरीच्या कोसावाल्यांसारखे! 1844 साली 28 जणांनी थोडे थोडे पैसे साठवून प्रत्येकी एक पौंड जमवला आणि लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ नि मेणबत्त्या एवढ्याच मालावर दुकान उघडलं. वर्गणीदारच मालक. उरलेला नफा, ज्यानं जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात, परत त्यांनाच.

मुंबईत 1975 साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीची रीत तर मला त्याहून आवडते. तिथं दुकानच नाही! शेजारपाजारची कुटुंबं मिळून एक संघ करतात, महिन्याची यादी एकत्र देतात. माल एका घरी उतरतो आणि सभासद आपापलं सामान वाटून नेतात. एकट्याला न पेलणारं पोतं दहा घरांना सहज पेलतं.

आमच्या जिल्ह्यात आगाऊ भरणं काही ठिकाणी हौसेचं नसतंच. भामरागडकडे पावसाळ्यात नाले चढले की वाटा बंद होतात. म्हणून तिकडच्या गावांना रेशनचं काही महिन्यांचं धान्य आधीच पोचवतात. तिथं ठोक म्हणजे स्वस्त नव्हे, तर पाऊस ओसरेपर्यंतचं जेवण.

पुढल्या बाजारी तुम्हीही चहा, साखर आणि साबण यांचे लहान-मोठे भाव लिहून आणा. प्रत्येकाचा 100 ग्रॅमचा भाव काढा. आणि मोठ्या दुकानासाठी दूर जावं लागत असेल, तर एस.टी.चं भाडं त्यात मिळवायला विसरू नका.