शुक्रवार आणि शनिवार

आमच्या किनाऱ्यावर दर्या काही ना काही आणून टाकतो. थळ, नवगाव, किहीम या पट्ट्यात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात उधाण ओसरलं की उजाडायच्या आत पोरं वाळूत उतरायची. शेवाळलेला नारळ, जाळ्याचा तुकडा, गलबताची फळी, परकी अक्षरं असलेली बाटली. नियम एकच, ज्याचा हात आधी लागला त्याची वस्तू. आमच्या गोठ्याला एक वासा होता, तो असाच दर्याने दिलेला. त्याला खिळ्यांची जुनी भोकं होती. कुठली बोट, कुठे फुटली, माणसांचं काय झालं, हे वाशाला विचारता येत नव्हतं. आजी दिवाळीत गोठ्यात पणत्या लावायची त्यातली एक त्या वाशाखाली ठेवायची. "कुनाचं तरी घर व्हतं त्ये," म्हणायची.

अशा गावात १९६३ च्या हिवाळ्यात रॉबिन्सन क्रूसो आला. शाळेच्या पुस्तकांच्या पेटीतून मी तो घरी आणला. मूळ पुस्तक डॅनियल डेफोचं, १७१९ सालचं. माझ्या हातात होतं ते त्याचं मराठीतलं संक्षिप्त रूप, पुठ्ठा सुटलेलं. गलबत फुटतं, बाकी सगळे बुडतात, क्रूसो एकटा अनोळखी बेटावर लागतो आणि तिथे २८ वर्षं काढतो. मी सातवीत होतो आणि एका बैठकीत ते संपवायला निघालो होतो. पण काकांनी फर्मान काढलं, "एकटा काय वाचतोस? मोठ्यानं वाच, आम्हालाही कळू दे."

भात झोडून घरात पडलं होतं. रात्री जेवणं झाली की माणसं शेजारच्या तेलीआजोबांच्या ओट्यावर जमायची. दिवसभर तिथे घाणा फिरायचा, त्यामुळे ओट्याला कायम पेंडीचा नि ताज्या खोबरेलाचा वास. कंदील माझ्याजवळ, बाकीचे अंधारात. शुक्रवारची रात्र सोडून रोज वाचन चाले. त्या रात्री का नाही, ते पुढे येईलच.

पुस्तकाचे असे परीक्षक मला पुन्हा भेटले नाहीत. प्रत्येकाने आपापल्या धंद्याने क्रूसोला तपासला. फुटलेलं गलबत किनाऱ्याजवळ अडकून राहतं आणि पहिल्या तेरा दिवसांत क्रूसो अकरा वेळा त्यावर जाऊन बिस्किटं, सुताराची पेटी, बंदुका, शिडं असं सगळं उतरवून आणतो. तिथे कोळीवाड्यातला तांडेल मध्येच बोलला, "फुटलेली बोट तेरा दिस जागची हालली नाय? वारा कंचा व्हता, त्ये बग लिवलंय का." पुढे क्रूसो मातीची भांडी करायला बसतो आणि दोन महिन्यांच्या खटपटीनंतर त्याची दोन वेडीवाकडी भांडी होतात. त्यावर कुंभार बराच वेळ हसत राहिला. शेवटी म्हणाला, "माती बरी नसंल." एका कारागिराने दुसऱ्याला दिलेली ती सूट होती.

आजीला आवडली ती सातूची गोष्ट. कोंबड्यांच्या दाण्याची पिशवी क्रूसो घराच्या बाजूला झटकून टाकतो आणि विसरतो. पाऊस पडल्यावर तिथे हिरवे कोंब येतात. आधी त्याला तो देवाचा चमत्कार वाटतो, मग पिशवी आठवते. ते दाणे जपून, वाढवून तो त्यातले बरेचसे पेरतो, पण कोरड्या दिवसांच्या तोंडावर. एक कोंब वर येत नाही. काकांनी मांडीवर थाप मारली. "मृगाची वाट बघितली नाही लेकानं!" आजी म्हणाली, "सगळं नाय ना पेरलं? थोरं ठेवलं ना मागं? मंग जगंल." आणि खरंच, क्रूसोने थोडं बी मागे ठेवलं होतं. आजीला एकदम तो आपल्यातला वाटायला लागला.

मग एक दिवस वाळूत माणसाच्या पावलाचा ठसा उमटला. त्या पानावर ओटा चिडीचूप झाला. पुढे क्रूसो एका तरुणाला मारेकऱ्यांच्या हातून सोडवतो. तो दिवस शुक्रवारचा, म्हणून त्याचं नाव ठेवतो शुक्रवार. त्यानंतर त्याला शिकवलेला शब्द 'मालक'. एवढं वाचून मी पान उलटणार, तर तेलीआजोबांनी हात वर केला. एरवी ते मधे बोलत नसत.

"त्याला नाव नसंल का? आयेनं ठिवलेलं?"

मी मागची दोन पानं पुन्हा चाळली. क्रूसोने ते विचारलेलं नव्हतं.

आजोबा म्हणाले, "आमाला बी लोकांनी वारावरनंच नाव पारलं. पन आमी भायेरनं आलेलो. ह्यो तर तितलाच ना?"

तेलीआजोबा बेने इस्राएल होते. आमच्या कुलाबा जिल्ह्यात त्यांना शनवार तेली म्हणत. धंदा तेल गाळायचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून हे नाव. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत त्यांचा बैल सुटायचा, चूल विझायची, दुसऱ्या दिवसाचं जेवण आधीच झाकून ठेवलेलं असायचं. बाकी सगळं आमच्यासारखंच. आजींचं नऊवारी, बोलणं आमचंच, आडनाव गावाच्या नावाला 'कर' लावून केलेलं. फरक पडायचा तो ताटात. मटण शिजवायचं ते नारळाच्या रसात, कारण मांसाशी दूध चालत नाही. कोळंबी, चिंबोरी घरात येत नसे. ज्याला खवलं नि पर तोच मासा. नवस फेडायचा तर भिजवलेले पोहे, नारळ, साखर आणि फळं घालून मलिदा करायचा नि एलिया पैगंबराचं नाव घ्यायचं. त्याच्या रथाची खूण म्हणून दाखवतात तो खडक आमच्याच तालुक्यात, खंडाळ्याला आहे.

त्या रात्री पुस्तक मिटवून आजोबांनी त्यांची गोष्ट सांगितली. आम्ही ती तुकड्या-तुकड्यांनी ऐकली होती, सलग कधी नाही. फार वर्षांपूर्वी, कुणी म्हणतात दोन हजार वर्षांपूर्वी, त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या जिवंत किनाऱ्याला लागल्या. बाकीच्यांची प्रेतं नवगावलाच पुरली. ती जागा त्यांचे लोक आजही मानतात. धर्माची पुस्तकं, भांडीकुंडी, सगळं पाण्यात गेलं. डोक्यात राहिलं तेवढं वाचलं. शनिवार राहिला, सुंता राहिली, खवल्याचा मासा राहिला, आणि शेमा नावाची एक प्रार्थना राहिली. पुढे शेकडो वर्षांनी डेव्हिड राहबी नावाचा त्यांचा धर्मबंधू कोकणात आला. सांगतात की त्याने बायकांपुढे सरमिसळ मासळी टाकली, आणि त्यांनी बिनखवल्याची बाजूला काढली तेव्हा त्याची खात्री पटली.

इतिहासाच्या अभ्यासकांमध्ये काळावरून आणि ते आले कुठून यावरून मतभेद आहेत. आजोबांना त्याचं काही नव्हतं. त्यांना भलत्याच गोष्टीची रुखरुख होती.

"चौदा मान्सं भिजून, थंडीनं काकडत वर आली. त्यास्नी पयलं कुनी बगितलं? पयलं पानी कुनी दिलं? आमच्या गोष्टीत सात नि सात हायेत, त्यो मानूस नाय. त्याचं नाव कनाला म्हाईत नाय."

ओट्यावर कुणी बोलेना. कुणाच्या पूर्वजाने दिलं असेल तर ते तिथे बसलेल्यांपैकीच कुणाच्या तरी. पण आमच्याही गोष्टींत तो माणूस नव्हता.

उत्तर दिलं आजीने, पण तिने दोन हजार वर्षांपूर्वीचं काही सांगितलं नाही. ती रामदास बोटीबद्दल बोलली. १७ जुलै १९४७, अमावस्येचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं आणि आमच्या बाजूची गावंच्या गावं सुतकात. त्या सकाळी रेवसच्या कोळ्यांनी होडीतली मासळी परत पाण्यात लोटली नि तिच्या जागी माणसं भरून आणली, हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं. पुढचे कित्येक दिवस लाटा प्रेतं आणत राहिल्या. आजी नि शेजारच्या बायका जुनी लुगडी घेऊन वाळूत जायच्या.

"नाव कनाचं ठावं व्हतं?" ती म्हणाली. "आदी झाकायचं, मंग इचारायचं. तुमच्या चौदांना बी कनीतरी आदी झाकलं असंल. नाव सांगत बसायला टाइम कोनाला?"

आजोबांनी मान हलवली. त्यांना ते पटलं की नाही, मला कळलं नाही.

माझ्या मनाला मात्र तेव्हापासून एक सवय जडली. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न वाचला, पुढे इंग्रजी येऊ लागल्यावर खऱ्या बुडालेल्या जहाजांची वर्णनं वाचली, पण प्रत्येक वेळी मी किनाऱ्यावरचा माणूस शोधत राहिलो. वेजर नावाचं इंग्रजांचं लढाऊ जहाज १७४१ मध्ये चिलीच्या किनाऱ्याजवळ फुटलं. अधिकारी आणि खलाशी आपसात फाटले, बंड झालं, परत पोचलेल्यांनी आपापली पुस्तकं लिहिली. त्यातला जॉन बायरन हा पुढच्या कवी बायरनचा आजोबा. या सगळ्यांच्या भांडणामधून एक गोष्ट निसटत्या शब्दांत येते. तिथले होडीवाले लोक आले, त्यांनी शिंपल्या आणून दिल्या, किनाऱ्यावर झोपड्या उभारल्या, आणि खलाशी त्यांच्या बायकांच्या मागे लागले तेव्हा एक दिवस होड्या पाण्यात लोटून निघून गेले. बायरन आणि त्याचा कप्तान जिवंत परतले ते मार्टिन नावाच्या चोनो माणसाने वाट दाखवली म्हणून. मार्टिन हे नावही त्याचं स्वतःचं नव्हे, बाप्तिस्म्यात मिळालेलं. 'अनोळखी किनारा' हा शब्द बोटीवरून उतरणाऱ्याचा. जो तिथे उभा असतो त्याच्या तो घरामागचा दर्या असतो.

आमच्या किनाऱ्याला मी उगाच चढवत नाही. त्या चौदांच्या वंशजांना इथे जागा मिळाली ती जातीच्या उतरंडीत, तेल्याची म्हणून. ओट्यावर गप्पा मारणारी काही माणसं त्यांच्या घरचं पाणी घेत नसत, हे मी पाहिलेलं आहे. पण शनिवारी घाणा का बंद म्हणून त्यांच्या दारात कुणी जाब विचारायला गेलं नाही, आणि त्यांच्या कबरींवर कुणी नांगर घातला नाही. दोन्ही खरं आहे, आणि एक सांगताना दुसरं झाकायचं कारण नाही.

आजोबांचा थोरला मुलगा आधीच इस्रायलला गेला होता. त्याच वर्षांत तिथल्या धर्मपंडितांनी प्रश्न काढला, की हे भारतातून आलेले लोक पुरते यहुदी आहेत का? लग्न लावण्याआधी त्यांच्या आई-आजींचं कूळ तपासा म्हणाले. जेरुसलेममध्ये आपल्या लोकांनी धरणं धरलं. १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचं सांगितलं तेव्हा तो वाद निवला. मुलाचं पत्र आजोबा मला वाचायला सांगायचे, कारण त्यांना चाळशीने दिसत नसे. त्या वादाचं पत्र ऐकून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "घरी गेलो तं दारात इचारलं, तू कोन."

तरीही ते गेले. १९६६ च्या उन्हाळ्यात बैल विकला, घर विकलं. घाणा घ्यायला कुणी नव्हतं, तो तसाच परसात राहिला. सामानात आमसुलं, वाल आणि पोह्यांचा दडपून भरलेला डबा होता. रेवसच्या धक्क्यापर्यंत अर्धं गाव बैलगाड्यांनी गेलं. लाँचमध्ये चढताना तेलीआजी आमच्या आजीच्या गळ्यात पडून रडल्या. आजोबा रडले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "पोरा, त्यो शुक्रवार शेवटी घरी गेला का रं?"

आमच्या पुस्तकात ते नव्हतं. क्रूसोबरोबर तो इंग्लंडला जातो, इथवरच गोष्ट होती.

पत्रं मराठीतच यायची. तिकडे आपले लोक मराठीत 'मायबोली' नावाचं नियतकालिक काढतात, कीर्तनं करतात, हे मला पुढे कळलं. आजोबांचं अक्षर थांबलं, मग मुलाचं आलं, मग नातवाचं एक इंग्रजीत.

क्रूसोचा दुसरा भागही डेफोने १७१९ मध्येच लिहिला. माझ्या हाती तो फार उशिरा आला. त्यात क्रूसो शुक्रवारला घेऊन पुन्हा प्रवासाला निघतो. बेटावर शुक्रवारला त्याचा म्हातारा बाप भेटतो, दोघे गळामिठी घालतात. मग जहाज पुढे निघतं, वाटेत होड्यांतून आलेले लोक बाण सोडतात आणि शुक्रवार तिथेच मरतो. त्याला समुद्रात सोडतात, तोफांची सलामी देऊन. त्याच्या आईने ठेवलेलं नाव त्याही भागात नाही.

तोवर ते सांगायला आजोबा नव्हते. बरंच झालं म्हणायचं. नाहीतर मी काय लिहिणार होतो, कुणी झाकलं म्हणून?