वरचं पाणी, खालचं पाणी

पाठीला भोपळा बांधून जो विहिरीत पोहायला शिकला, त्याला हे ठाऊक असतं. मे महिन्यात वरचं पाणी कोमट. पाय खाली सोडले की घोट्यांना गारठा. तलावातही तसंच. कोमट पाणी हलकं, ते वर राहतं. गार पाणी जड, ते खाली बसतं. वरच्या थरात उजेड, खालच्यात खत. पाण्याबरोबर वाहणारे सूक्ष्म जीव म्हणजे प्लवक. त्यांतल्या शैवालाला दोन्ही लागतं. वारा आणि थंडी पाणी ढवळतात तेव्हाच ते एकत्र मिळतं.

*

पाणी 4 अंशांवरून 5 वर गेलं तर घनता जेवढी बदलते, त्याच्या सुमारे तीस पट ती 24 वरून 25 वर जाताना बदलते. अंश एकच, पण उष्ण प्रदेशातल्या तलावात तो थरांना कितीतरी जास्त दूर ढकलतो.

*

आफ्रिकेतलं टांगानिका सरोवर जवळजवळ दीड किलोमीटर खोल. कोरड्या हंगामातला आग्नेयेचा वारा खालचं खत थोडंफार वर आणतो, त्यावर शैवाल वाढतं, शैवालावर प्राणिप्लवक, त्यांच्यावर बोटभर लांबीचे दगा मासे. कोळी रात्री दिवे लावून ते धरतात आणि वाळूवर सुकवतात. 2003 साली संशोधकांनी मांडलं, की वरचं पाणी तापल्यामुळे हे ढवळणं मंदावलं, शैवालाची वाढ सुमारे 20 टक्क्यांनी घटली आणि माशांना त्याचा फटका याहून मोठा, अंदाजे 30 टक्क्यांचा. पाणी तापलं की ते हिरवं होणार, असं आपण धरून चालतो. इथे उलटंच झालं.

*

रशियातल्या बैकाल सरोवरात मात्र पाणी हिरवं झालं. 1945 साली मिखाईल कोझोव्ह यांनी तिथलं पाणी तपासायला सुरुवात केली. दर सात ते दहा दिवसांनी, हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून. पुढे मुलगी ओल्गा, मग नात ल्युबोव्ह इझ्मेस्त्येवा. सोव्हिएत संघ कोसळला, नोंदी थांबल्या नाहीत. 2008 साली या नोंदींवरून संशोधकांनी हिशेब मांडला: 1946 पासून वरचं पाणी 1.21 अंशांनी तापलं. 1979 पासून शैवालाचं हरितद्रव्य 300 टक्क्यांनी वाढलं.

*

बैकालचं खरं राज्य एपिशुरा नावाच्या दीड मिलिमीटरच्या जिवाचं. त्याला गार पाणीच मानवतं. 2008 च्या त्याच हिशेबात क्लॅडोसेरा गटातले, ऊब मानवणारे जीव 335 टक्क्यांनी वाढलेले दिसले. हा गट परका नाही. डबक्यातलं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उन्हाकडे धरा. झटके देत वर-खाली करणारा पांढरट ठिपका दिसला, तर तो बहुधा याच गोतावळ्यातला. मत्स्यालयवाले माशांच्या पिलांना घालतात तो मोइनाही यातलाच.

*

बैकालचे काही मोठे डायटम, म्हणजे एका प्रकारचं शैवाल, बर्फाखालीच वाढतात. बर्फ स्वच्छ असेल तर त्यातून ऊन झिरपतं. बर्फाचे दिवस घटले की त्यांचा हंगामच आखडतो.

*

अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवरातली 1962 ते 2002 ची गोष्ट. वसंतातला शैवालाचा बहर सुमारे तीन आठवडे अलीकडे सरकला. केराटेला नावाचा छोटा जीव त्याच्याबरोबर सरकला. शैवाल खाणारी, क्लॅडोसेरा गटातलीच डॅफ्निया मात्र जुन्याच तारखेला पंगतीला आली, तोवर पानं उचलायची वेळ झाली होती. तिची संख्या उतरत गेली.

*

गावी गेलो तेव्हा विचारलं, तळ्याचं पाणी हिरवं कधी पडतं? एक म्हणाला, होळी झाली की. दुसरा म्हणाला, छे, पाडव्यापर्यंत काही नाही. मग विचारलं, तुमच्या लहानपणी कधी पडायचं? दोघं एकमेकांकडे बघत राहिले.