नेपाळ-भूतान : शेजारी दोन, तऱ्हा दोन

नेपाळ-भूतानची एकत्र सहल ठरली तेव्हा आमच्या गटात पहिला वाद झाला तो पैशांवरून. भूतान सरकार भारतीय पर्यटकाकडून दर रात्री माणशी १२०० रुपये शुल्क घेते. नेपाळात असे काही नाही. "हिमालय तोच, मग हे पैसे कसले?" हा एका काकांचा प्रश्न सहलभर आमच्याबरोबर बसमधून फिरला.

नेपाळात परके वाटतच नाही. घड्याळ फक्त १५ मिनिटे पुढे करायचे. पाट्या देवनागरीत, त्यामुळे सगळे मोठमोठ्याने वाचत सुटले. दुकान म्हणजे 'पसल', पोलीस म्हणजे 'प्रहरी'! पशुपतिनाथाला बागमतीच्या एका काठावर चिता जळत होत्या आणि समोरच्या पायऱ्यांवर माणसे निवांत शेंगा खात बसली होती. इथले मुख्य पुजारी परंपरेने दक्षिण भारतातले भट्ट असतात, हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटले.

मला सर्वांत आवडले ते भक्तपूर. तिथले पाच छपरांचे न्यातपोल मंदिर १७०२ सालचे. २५ एप्रिल २०१५च्या भूकंपात आसपासची कितीतरी देवळे-घरे कोसळली, पण हे उभे राहिले. पडलेलेही लोकांनी विटा-लाकडातच पुन्हा उभारायला घेतले. त्या चौकात मातीच्या वाडग्यातले घट्ट दही, 'जुजू धौ', खाल्ल्याशिवाय निघू नये.

पुढे चितवनच्या तराईत उंच गवतात गेंडा दिसला, चिखलाने माखलेला, आमच्याकडे ढुंकूनही न बघणारा. १९६०च्या दशकात इथले गेंडे शंभराच्या आसपास उरले होते. १९७३मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०२१च्या गणनेत नेपाळभरात ७५२ गेंडे मोजले गेले. जाता जाता आम्हा ग्वाल्हेरकरांसाठी एक आठवण: जून १८५८मध्ये आपल्या गावात ज्यांच्या नावाने पेशवाईची द्वाही फिरली, ते नानासाहेब शेवटी नेपाळच्या याच तराईकडे गेले.

काठमांडूहून पारोला विमानात डाव्या खिडकीची जागा मागून घ्या. एव्हरेस्ट दिसतो.

भूतानमध्ये सगळे एकदम हळू होते. राजधानी थिंफूत वाहतुकीचे सिग्नल नाहीत, चौकात पोलीस हातवारे करतो. देशाचा किमान ६० टक्के भाग जंगलाखाली राहिलाच पाहिजे, असे राज्यघटनेतच लिहिले आहे. जोंगमध्ये, म्हणजे किल्लावजा मठात, शिरताना आमच्या गाईडने 'घो'वर पांढरे उपरणे घेतले आणि आम्हाला टोप्या काढायला लावल्या.

फोबजिखाच्या दरीत नोव्हेंबरात तिबेटकडून काळ्या मानेचे क्रौंच येतात. त्यांना अडथळा होऊ नये म्हणून तिथल्या विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत. काका बराच वेळ ते मोकळे आकाश बघत उभे होते. नंतर म्हणाले, "आपल्या हिल स्टेशनांवर असे बाराशे घेतले असते तर?" मला मात्र हे पूर्ण पटत नाही. नेपाळात कुणीही गरीब यात्रेकरू गाठोडे घेऊन येतो, त्याचेही मोल आहेच.

ताक्त्सांग मठ, म्हणजे 'टायगर्स नेस्ट', साधारण ३१०० मीटर उंचीवर कड्याला चिकटलेला आहे. १९९८मध्ये आगीत जळाला, पुन्हा बांधला. घोडे निम्म्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंतच. शेवटी पायऱ्या खाली उतरून, धबधब्याजवळचा पूल ओलांडून पुन्हा चढायच्या. आमच्यातल्या सहा जणांनी गुडघ्यांचे ऐकून कॅफेटेरियातच चहा घेतला आणि समोर मठ बघत बसले. तेही काही कमी नव्हते, असे त्यांचे म्हणणे. आत फोन नेता येत नाही, त्यामुळे वर पोचलेल्यांकडेही आतला एकही फोटो नाही.

जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या, नुसत्या आधारवर विसंबू नका. आणि ताक्त्सांग भूतानच्या पहिल्याच दिवशी ठेवू नका. उंचीची दोन-तीन दिवस सवय होऊ द्या. जेवणात 'एमा दात्शी' आली तर जपून, त्यात मिरची ही फोडणीला नसते, तीच भाजी असते.