आभाराची ओळ

तो शोधनिबंध छापून आला त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी त्यातली आभाराची ओळ आठवली की माझं डोकं अजून फिरतं. ‘प्रयोगशाळेतील साहाय्याबद्दल’ म्हणे. अहो, राख मला सापडली होती!

भूशास्त्रात एमएस्सी झाले, शिष्यवृत्तीवर जर्मनीत गेले, एका तळ्याच्या गाळावर काम मिळालं. तळ्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही. आयफेल भागातल्या लाखर झे ज्वालामुखीचा सुमारे 13,000 वर्षांपूर्वी मोठा स्फोट झाला. त्याच्या राखेचा पट्टा तिकडच्या कित्येक तळ्यांच्या गाळात नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मला शोधायची होती ती न दिसणारी राख, आइसलंडच्या काटला ज्वालामुखीची, सुमारे 12,100 वर्षांपूर्वीची. तिला वेद्दे राख म्हणतात. जर्मनीपर्यंत येता येता तिचा थर असा उरत नाही, गाळात विखुरलेले काचेचे कण तेवढे असतात, बहुतेक केसाच्या जाडीहून लहान.

ते काढायचे म्हणजे गाळ भट्टीत 550 अंशांना जाळायचा, आम्लाने धुवायचा, बारीक चाळण्यांतून काढायचा आणि मग सोडियम पॉलिटंगस्टेटच्या जड द्रावणात फिरवायचा. काच वर तरंगते, क्वार्ट्झ तळाला जातो. हे द्रावण भलतंच महाग, म्हणून बऱ्याच प्रयोगशाळा ते गाळून पुन्हा पुन्हा वापरतात. पुढचं सगळं महाभारत घडलं ते यावरून.

एका संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाखाली एक कण दिसला. रंगहीन, पापुद्र्यासारखा पातळ, एका कडेला कमानीसारखा वळलेला. फुटलेल्या बुडबुड्याची भिंतच ती. पोलरायझर आडवा घातला. शेजारचे क्वार्ट्झचे कण लखलखले आणि हा पार काळा झाला. म्हणजे काच! स्लाइड सरकवली तर आणखी एक, मग आणखी.

आमच्या गटातल्या वरिष्ठांना बोलावलं. ते आले, दारातूनच म्हणाले, “द्रावणातून आले असतील. आधीच्या नमुन्यातले.” मी म्हटलं, सर, त्याच द्रावणातून, गाळ न घालता, कोरा नमुना काढून पाहिलाय, त्यात एकही कण नाही. वहीत नोंद आहे. ते म्हणाले, “सध्या बाजूला ठेव.” सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायलासुद्धा आत आले नाहीत. दारापासून टेबल किती लांब होतं? चार पावलं!

पुढे माझी मुदत संपली. मग दुसऱ्या एकाने त्याच खोलीवरचा गाळ घेतला, ताजं द्रावण वापरलं, आणि कण निघाले. मायक्रोप्रोबवर त्यांचं रसायन वेद्देशी जुळलं. निबंधात लेखकांची रांगच होती, त्यात मी नाही. आणि चित्रात छापलेला कण? तो माझ्या स्लाइडवरचा. शेजारी, कण चिकटवायच्या बाल्सममध्ये अडकलेला हवेचा बुडबुडासुद्धा माझाच, घाईत झाकणकाच टेकवताना राहिलेला.

आता खरं सांगायचं तर शंका घेतली हे काही चुकीचं नव्हतं. राख कशी चकवते हे मला ठाऊक आहे, मी नारायणगावकडची. आमच्याकडे कुकडीकाठच्या बोरीला ज्वालामुखीची राख आहे, तिच्या जोडीला अश्मयुगातल्या हातकुऱ्हाडी मिळाल्या, आणि 1980च्या दशकापासून तिच्या वयावर वाद चालू आहे. कुणी 14 लाख वर्षं म्हणालं, कुणी 6.7 लाख, तर कुणी सुमात्राच्या टोबाच्या शेवटच्या महास्फोटाशी जोडून साधारण 75 हजार. टोबा एकदाच फुटलेला नाही, त्याच्या वेगवेगळ्या स्फोटांची काच रसायनाने एकमेकींच्या जवळची, आणि त्यात नदी राख उचलून दुसरीकडे नेऊन टाकते. शांत, खोल तळ्यात ती पडते तिथेच राहते, म्हणून तर आम्ही तळ्यांच्या मागे लागतो. तेव्हा त्या वरिष्ठांच्या जागी मी असते तर मीही द्रावणाचाच प्रश्न विचारला असता. पण आत येऊन!

माझे यजमान म्हणतात, विज्ञान पुढे गेलं ना, मग झालं. पुढे गेलंच. 2013 मध्ये मीरफेल्डर मार या तळ्यातल्या वेद्दे राखेवरून असं दाखवता आलं, की हिमयुगाच्या शेवटच्या थंड टप्प्यातला बदल जर्मनीत नॉर्वेच्या 120 वर्षं आधी झाला. दोन देशांतले गाळ एका राखेने जोडले म्हणून हे कळलं. वाचून मला मनापासून आनंद झाला. त्याने राग मात्र तसूभर कमी झाला नाही.

बाहेर शिकायला जाणाऱ्या मुलींना एवढंच सांगते: लेखकांत नाव येणार की नाही हे काम सुरू करण्याआधी लेखी विचारा, वाईट दिसेल म्हणून गप्प बसू नका. स्लाइडवर तारीख आणि स्वतःचं पूर्ण नाव घाला, नुसती आद्याक्षरं नकोत. आणि द्रावण ताजं मागा. महाग आहे म्हणून कुणी कुरकुरलं तर खुशाल कुरकुरू द्या.